सात नंबरचं पाकीट

धावड्याच्या कारभारीला वानरांची जेवढी माहिती होती, तेवढी साऱ्या भोकरदन तालुक्यात कुणाला नसेल. त्याचं रान डोंगराला चिकटून. ज्वारी हुरड्यात आली की टोळी खाली उतरायची आणि कारभारी गोफण घेऊन बांधावर बसायचा. वीस वर्षं असं बसून त्याला एकेका वानराची चाल ओळखू यायला लागली होती. म्हणून १९९८ साली विद्यापीठातल्या पुष्पाबाई वानरं काय खातात याचा अभ्यास करायला आल्या, तेव्हा गावानं त्यांना सरळ त्याच्याकडं पाठवलं.

काम असं होतं. वानरं उठून गेली की खडकावरचे केस आणि लेंड्या कागदी पाकिटात भरायच्या, पाकिटावर नंबर टाकायचा, वहीत तारीख लिहायची. गाव हसलं. पण बाईंनी कारभारीला नीट समजावलं होतं. खाल्लेलं केसात उतरतं. केस महिन्याला नखाएवढा वाढतो. त्याचे तुकडे करून प्रयोगशाळेत तपासले की झाडपाला कधी खाल्ला आणि ज्वारी-मका कधी, ते कळतं. पोटात काहीच गेलं नाही तर अंग स्वतःचंच मांस जाळून जगतं, त्याचीही खूण केसात राहते. पुढच्या वैशाखात टोळीतली एक म्हातारी वानरी आटलेल्या डोहाशी मरून पडली. कारभारीनं तिचेही केस काढून दिले.

मग बाईंना माणसांचे केस हवे झाले. वानरं ज्यांच्या रानातलं खातात, ती माणसंही तेच खातात, म्हणून ताळा बघायला. नागपंचमीचे दिवस होते. कारभारीची लेक बेबीनंदा अंबडहून माहेरी आली होती. तीन वर्षांपूर्वी तिला धर्मराजला दिली होती. जावई बिजवर, पण कोर्टाबाहेर टायपिंग करून चांगला कमावणारा. पहिली बायको काविळीनं गेली असं सांगितलेलं. बेबीनं हसत मान पुढं केली आणि बाईंनी मानेजवळून बारीक बट कापली. सात नंबर. तिनं माहेरी दोन दिवस काही खाल्लं नाही, श्रावण आहे म्हणाली. आई द्वारकाबाईला ती वाळलेली वाटली. अंबडचं पाणी मानवलं नसेल, असं म्हणून कारभारीनं तो विषय सोडून दिला.

पौषात बाई कागद घेऊन आल्या. ओसरीवर बसून त्यांनी एका आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कारभारी, त्या मेलेल्या वानरीचे केस चुकून माणसांच्या पाकिटात गेले का? ही रेघ बघा. महिन्यामागून महिना वरच चढत गेलीय. उपासमारीत अशी चढते. एखाद्या मोठ्या दुखण्यातही चढते, पण गावात चालत्याबोलत्या माणसाची अशी असेल असं मला वाटत नाही."

"नंबर कोणता?"

"सात."

कारभारी वही आणायला उठला नाही. त्याला पाठ होतं. त्यानं नुसतं सांगितलं की पाकीट बदललेलं न्हाई, आणि बाईंचा चेहरा उतरला.

दुसऱ्याच दिवशी संक्रांतीचे तिळगूळ बांधून तो निघाला. भोकरदन, जालना, अंबड. तीन बसा बदलून पोचेपर्यंत दुपार झाली. घर भरलेलं होतं. माळवदाखाली पोत्यांची थप्पी, चुलीवर वरणाचा वास. विहीणबाई सगुणाबाईंनी आग्रहानं जेवायला बसवलं. बेबी वाढत होती, तिचं मनगट वेळूच्या कांडीसारखं झालं होतं. तिचं ताट मात्र मांडलेलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि कोऱ्या राहिलेल्या तारखा त्याला बोटांवर मोजता आल्या.

कारभारीनं हात धुतला आणि विचारलं. व्याही रखमाजींनी काहीच लपवलं नाही. लेकरू होईना, म्हणून एका देवऋषीनं उपास सांगितले होते. सव्वा वर्षाचे. उपासाच्या दिवशी सांजच्याला वाटीभर दूध, बस.

"पाव्हणं, तुम्ही घाबरू नका," रखमाजी शांतपणे म्हणाले. "पहिलीनं मधीच मोडला. चोरून खाल्लं तिनं. मंग गेली. ह्या पोरीला तसं होऊ द्यायचं न्हाई आम्हाला, म्हणून बिलकुल नजर ठेवून राह्यलो."

सगुणाबाई तेवढ्यात बेबीला जवळ बसवून तिच्या डोक्याला तेल लावत होत्या, अगदी पोटच्या लेकीसारखं. या घरात कुणी कारभारीच्या लेकीचा दुस्वास करत असतं, तर त्याला भांडता आलं असतं.

त्यानं खोटं सांगितलं. म्हणाला, द्वारका अंथरुणाला खिळली आहे, आठ दिवस पोरगी द्या. रखमाजींनी विचार केला, आणि उपासाच्या तारखा कागदावर लिहून बेबीला पदराला बांधायला लावल्या.

जालन्याच्या स्टँडवर कारभारीनं केळी घेतली. बस सुटली तरी बेबी केळं नुसतं हातात धरून बसली होती.

"दोनच महिने राह्यले, बाबा. मोडलं की मी मरन."

"डोहापाशी ती म्हातारी वानरीण मेली," कारभारी म्हणाला. "तिनं कोणता उपास मोडला होता गं?"

तिनं केळ्याची साल सोलली. मग तिनं अर्धं केळं खाल्लं, डोळे मिटले, आणि भोकरदन येईपर्यंत मरणाची वाट पाहत बसली. कारभारी सगळा वेळ तिच्या श्वासाकडं बघत होता.

ती मेली नाही. पण उन्हाळ्यापर्यंत घास उचलण्याआधी ती तो तारखांचा कागद उघडून बघायची. रखमाजी दोनदा आले. पहिल्यांदा न्यायला. दुसऱ्यांदा फारकतीचा कागद घेऊन. बेबीनं सही केली, आणि ते जाताना ती पाया पडली तेव्हा "देव तुला सांभाळो" म्हणाले. ते त्यांनी मनापासून म्हटलं, हेच कारभारीला झोंबलं.

वर्षभरात धर्मराजचं तिसरं लग्न ठरल्याचं कळलं. मुलगी घनसावंगीकडची, बाप मच्छिंद्र. कारभारी जायला निघाला तर बेबी आपणहून बरोबर आली. ती मच्छिंद्रासमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, वाटीभर दुधासकट. त्यानं ऐकून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाला, सोडलेल्या बायकांच्या घरचे असंच बोलत असतात, आम्ही चौकशी केली आहे, ते चांगले लोक आहेत. लग्न ठरल्या तारखेला झालं.

त्यानंतर बेबी बाजाराच्या दिवशी अंबडला जाऊ लागली. फडक्यात दोन भाकरी, झुणका. कारभारी सोबत असायचा. भाजीच्या रांगेत रखमाजींची नवी सून, चतुरा तिचं नाव, पिशवी घेऊन एकटी यायची. पहिल्या दोन बाजारांना तिनं मान फिरवली. तिसऱ्याला तिनं कोपऱ्यात उभं राहून चतकोर भाकरी गिळली, न चावता, पाठीमागं बघत.

"पुढच्या बाजारी येते," एवढंच ती बेबीला म्हणाली.

कारभारी रस्त्याकडं तोंड करून उभा होता. कोर्टाच्या बाजूनं पांढरा फेटा बांधलेला एक माणूस सावकाश चालत येत होता, आणि ते रखमाजीच होते. कारभारी दोघींच्या आड सरकला आणि मोठ्यानं रामराम घालत त्यांची वाट अडवायला पुढं गेला.