याकोबचा उजवा हात

याकोब गेल्याचं त्याच्या बायकोनं, मार्थावहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी मंठ्याच्या बाजारात भाजी घेत उभा होतो. पिशवी तिथंच विसरून घरी आलो... रडू मात्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी कबरीपाशीही आलं नाही, कारण तिथं भलतंच काही कानावर पडलं. शहरातून येणारे एक तरुण प्रचारक म्हणाले, की याकोबभाऊंनी शेवटच्या दिवशी आपल्यासमोर उजवा हात वर करून प्रभूचा स्वीकार केला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. त्याच आठवड्यात मी त्याला दवाखान्यात भेटलो होतो. लकव्यानं त्याची वाचा आणि उजवी बाजू दोन्ही गेली होती. तो हात चादरीवर नुसता पडून होता, माशी बसली तरी हलत नव्हता.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. आम्ही दोघं एकाच चर्चमधले, एकाच बाकावर बसणारे, आणि तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, प्रश्नावर जन्मभर भांडलेले. माझं म्हणणं, देव तारण देऊ करतो, पण ते घ्यायचं की नाही हे माणसानंच ठरवायचं. त्याचं म्हणणं, माणसाच्यानं तेवढंही होत नाही. घ्यायची इच्छासुद्धा देवच कृपेनं मनात घालतो. त्याची मोसंबीच्या रोपांची नर्सरी होती. कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीच्या फांदीचा डोळा भरून पट्टी गुंडाळता गुंडाळता तो म्हणायचा, "बापू, या डोळ्यानं ठरवलं का इथं यायचं? मी आणला, मी बांधला." मग काही डोळे वाळून जातात त्याचा दोष कुणाचा, असं मी विचारायचो. तो माझ्याकडे तिरपं बघून पुढच्या रोपाकडे वळायचा.

चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं, मी दारू सोडली, मी प्रभूकडे वळलो असं सांगू लागलं, की हा माझ्या कानाशी लागे. "नुसता मी-मी करून राह्यला. देवाला काही काम ठेवलं का न्हाई यानं?" ज्यांना प्रभू हवा त्यांनी हात वर करा, असं कुणी उपदेशकानं म्हटलं, की माझा हात झटकन वर जाई आणि याकोब दोन्ही हात काखेत दाबून बसे. लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. मला मात्र वेगळाच संशय होता. वाटायचं, हा आतून घाबरलेला आहे... देवानं निवडलेल्यांत आपण नसलोच तर? हे विचारायचं राहून गेलं.

असा माणूस शेवटच्या दिवशी हात वर करतो, म्हणजे माझं म्हणणं मान्य करून गेला की काय? मला ते पटेना. प्रचारकांना गाठून खोदून विचारलं. ते बिचारे म्हणाले, प्रभू हवा असेल तर हात वर करा असं सांगून प्रार्थनेला डोळे मिटले, उघडले तेव्हा हात वर होता. तो हात आपोआप वर गेला नव्हता, हा माझा संशय पक्का झाला. मी तडक नर्सरीत गेलो. मार्थावहिनी रोपांना पाणी देत होत्या. हाताचं विचारलं, तर त्यांनी लपवालपवी केली नाही.

"मी उचलला, भाऊजी. ते त्या हाताकडं बघत होते, मंग माझ्याकडं बघत होते. हात उठत नव्हता. मंग मीच मनगटाला धरून वर केला."

"त्याला प्रभूसाठी उचलायचा होता, की माशी हाकलायची होती?" मी जरा कडकच विचारलं.

"ते मला न्हाई माहीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यानं उठत नव्हता, एवढंच माहीत." आणि पाण्याचा पाइप पुढच्या ओळीला लावला.

'मी आणला, मी बांधला' हे त्याचं बोलणं आठवलं, आणि रडू आलं ते तिथं, त्या रोपांमध्ये. ज्याला मी जन्मभर हरवू पाहत होतो, तो एक शब्द न बोलता, हातही न हलवता माझ्यापुढे असा प्रश्न ठेवून गेला होता.

मागच्या रविवारी उपासनेत पुन्हा हात वर करायला सांगितलं. बाकावर त्याची जागा मी अजून सवयीनं सोडूनच बसतो. हात उचलायला गेलो आणि थांबलो... इतकी वर्षं हा हात नक्की कोण उचलत होतं? याकोब, तू जिंकलास असं मी अजूनही म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी दोन्ही हात काखेत घातले, आणि कुणी मनगटाला धरतं का, याची वाट बघत बसून राहिलो.