काटेवाल्याचं नाव

चंदीगडला पाय ठेवल्या ठेवल्या धाकटी बहीण शरयू म्हणाली, "ताई, आज मस्त प्रदर्शन आहे, पक्का बघायचं." तिचे यजमान हवाई दलात, दोन वर्षांपूर्वी इथं बदलून आलेले, तेवढ्यात हिच्या मराठीत ‘पक्का’ आणि ‘यार’ घुसलेत. प्रवासानं अंग आंबलं होतं, तरी गेले. सरळसोट रस्ते, नंबर घातलेले सेक्टर, शिस्तीत उभी झाडं. या गावात हरवायचीसुद्धा सोय नाही.

प्रदर्शन होतं जवळच्या एका ग्रामीण जिल्ह्यातल्या जुन्या रेल्वेच्या आणि वारसास्थळांच्या फोटोंचं. फोटो झकास: विटांचं चिमुकलं स्टेशन, पुलावरची कोळशाची गाडी, पडझडीला आलेली सराय (मुक्कामाची धर्मशाळा). पण खालच्या त्या चिठ्ठ्या! कुठल्या साहेबानं कुठं चहा घेतला, याचंच कोडकौतुक. वैतागून बाहेर गाडीवर छोले-कुलचे खाल्ले. त्या गाडीवाल्याला निदान स्वतःचं काम येत होतं.

परत आलो तर एका फोटोसमोर ऐंशी ओलांडलेले सरदारजी उभे. फोटोत गोरा साहेब, साहेबाचा कुत्रा आणि कडेला लोखंडी दांडा धरून एक पगडीवाला. चिठ्ठीवर साहेबाचं नाव, कुत्र्याचं नाव आणि ‘एक स्थानिक नोकर’.

"भैणजी, ये मेरे बापूजी हैं," ते मला म्हणाले. "गुरबचन सिंग. कांटेवाले थे (गाडीचे रूळ बदलणारे). घर में इनकी एक भी फोटो नहीं है जी."

तेवढ्यात बंद गळ्याच्या कोटातले संयोजक आले. "अंकलजी, कोई सबूत?"

सरदारजींनी फोटोतल्या डाव्या हातावर बोट ठेवलं. त्या हाताला दोन बोटं कमी होती. "डब्बे जोड़ते हुए गईं."

"पुराना प्रिंट है, धुंधला होता ही है."

उद्यापासून हे फोटो याच चिठ्ठ्यांसकट संग्रहालयात कायमचे लागणार होते. म्हातारा फोटोवरचं बोट काढेना आणि माझं डोकंच फिरलं. माझी हिंदी दिव्य, पण रागात फाडफाड येते. "कुत्ते से सबूत मांगा था क्या आपने? उसका नाम तो बराबर छापा!"

लोक जमले. संयोजक वरमले. "ठीक है, पेन्सिल से लिख दीजिए."

म्हणजे उद्या खोडरबर फिरवायला हे मोकळे! शरयूनं पर्समधून पेन काढून दिलं. सरदारजींनी गुरमुखीत (पंजाबीच्या लिपीत) सावकाश नाव लिहिलं आणि वडिलांशेजारी ताठ उभे राहिले. मी फोटो काढला. डोळे माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

पुण्याला परतल्यावर तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली ऐटीत सगळा किस्सा लिहिला, संयोजकांची यथेच्छ टर उडवली. अंगठे आले, टाळ्या आल्या. मग भावानं विचारलं, "सरदारजींचं नाव काय गं?"

मी शरयूला फोन लावला. तिलाही ठाऊक नव्हतं. अर्धा तास आम्ही त्या माणसाशेजारी उभ्या होतो आणि दोघींपैकी एकीनंही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला स्वतःची.