रुमालाखालचं चौथं बोट

गेल्या काही महिन्यांत मी तीन व्हिडिओ गेम खेळलो आणि तिन्हींविषयी माझं पक्कं मत आहे. माझं वय अठ्ठावन्न. धंदा म्हशींचा. एका बाजारात घ्यायची, दुसऱ्या बाजारात द्यायची. आमच्याकडे अशा माणसाला हेडी म्हणतात. हेड्याला गेममधलं काय कळतं, असं ज्याला वाटेल त्यानं सोमवारी जनावरांच्या बाजारात येऊन एका म्हशीचं वय सांगून दाखवावं. वस्तू पारखायला मला कुणी शिकवलं नाही. तरुणपणी कबनूरला यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरत होतो. ते सोडलं आणि एका भाकड म्हशीवर धंद्यात उतरलो. आज मंगळवार पेठेत स्वतःचं घर आहे. ते माझ्या उजव्या हातानं बांधलंय. हे मी उगीच म्हणत नाही. आमचा सौदा तोंडानं होत नाही, हातानं होतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोघं हेडी समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना कळतो. साक्षीदार नाही, कागद नाही. एकदा बोट दिलं की परत घेता येत नाही. घेतलं तर त्या माणसाच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही.

मी बावीस वर्षं एकाच माणसाबरोबर असे सौदे केले. एका टेम्पोतून बाजार केले, एका डब्यात जेवलो. गेल्या जूनमध्ये त्याच्याकडच्या एका दुभत्या म्हशीचा सौदा चालला होता. मी त्याची तीन बोटं धरली आणि थांबलो. त्यानं रुमाल झटकला.

"झाला सौदा. चार."

"तीन धरली मी."

"चार धरलीस. करंगळीसकट."

"तुज्या करंगळीला हात लावला न्हाय मी. खोटं बोलू नगंस."

तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणं, बोट दिलंय तुम्ही. आता मागं सरू नगा."

पावणं! अनोळखी माणसाला आपण पावणं म्हणतो. बावीस वर्षांनी मी त्याचा पावणा झालो. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. म्हैस मी चारच्याच भावानं नेली, कारण बाजारात माझा शब्द मोडलेला मला चालला नसता. पण जाताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हात गेला वाटतं ह्याचा." ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

मी बाजार सोडला. त्या लबाडाचं तोंड बघायचं नाही म्हणून सोडला, असं घरी सांगितलं. सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, ते कुणाला सांगितलं नाही. चहा बशीत ओतताना मी पाठ फिरवून बसायचो. मनात मात्र एकच धरून ठेवलं होतं, की त्यानं मला फसवलं. तीन बोटांची चार केली. माझ्या हाताला काही झालेलं नाही.

सूनबाई घरूनच काम करते, कंप्युटरवर. ती आजऱ्याची, तोंडानं फटकळ. दुपारी जेवण झालं की तासभर गेम खेळते. एक दिवस तिनं जास्तीचा रिमोट माझ्या मांडीवर टाकला.

"मामा, दिवसभर त्या माणसाला शिव्या घालून काय म्हस परत येणार हाय व्हय? धरा ह्ये."

"ह्यो रिमोट कशाचा?"

"कंट्रोलर म्हणत्यात."

"रिमोटच हाय की."

मी तो धरला, आणि खरं सांगायचं तर मनोरंजनासाठी धरला नाही. दहाही बोटांना काम आहे हे मी पाहिलं होतं. म्हटलं, इथं आपला हात तपासता येईल आणि कुणाला कळणारही नाही.

पहिला गेम शेतीचा. दिसायला देखणा, पण बनवणाऱ्यानं बाजार पाहिलेला नाही. पेरलं की चार दिवसांत गाजर वर येतं, गाय कधी लाथ मारत नाही. तेही चाललं असतं. पण त्यातला दुकानदार! मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, मागं फिरलो, पुन्हा आलो. तो हसतच.

"मामा, काय करालायसा?"

"जरा ताणून धरतोय. खाली येईल भाव."

"न्हाय येत. किंमत ठरलेली असत्या त्याची."

"मग ह्याला बाजार कशाला म्हणायचं? रेशन दुकान म्हण की."

ती पोट धरून हसली. त्या गेममध्ये तळ्याकाठी बसून मासे धरायचं काम मात्र मला आवडलं. गळ टाकून गप्प बसायचं. बसलं की थोड्या वेळानं रिमोट हातात बारीक थरथरायचा, मासा खालून दोरी हुंगत असल्यासारखा. ही युक्ती झकास, असं मी मनात म्हटलं.

दुसरा गेम गाड्यांचा. तो मला अजिबात पटला नाही. घाट, वळणं, आवाज, सगळा डामडौल. दोन्ही हात सारखे चालू. पण रिमोट मेल्यासारखा गार. एवढी गाडी खडकावर आपटते आणि हातात काही येत नाही? मी सूनबाईला म्हणालो, माल वरून चकाचक आहे, आत काही नाही. ती कामाच्या फोनवर होती. तिनं नुसती मान हलवली.

तिसरा गेम भुताच्या घराचा. तिन्हींत हा सरस, आजही सांगतो. एक बाई कंदील घेऊन रिकाम्या घरात हिंडते. कुणीतरी तिला शोधतंय. पावलं ऐकू येतात. ती जवळ आली की बाईनं कपाटात लपायचं आणि एकही बटण दाबायचं नाही. दाबलं की कपाट वाजतं आणि सगळं संपतं. मी दुपारी तीन वाजता, खिडकीतून ऊन येत असताना त्या कपाटात बसायचो आणि मला घाम फुटायचा. फटीतून भुताची सावली सरकायची, पाऊल थांबायचं, आणि नेमका तेव्हा रिमोट थरथरायला लागायचा. आधी हलका, मग जोरात. पाऊल पुढं गेलं की हळूहळू थांबायचा. जणू त्या बाईचं काळीज माझ्या हातात दिलंय. मला त्या भुताची भीती वाटायची नाही. त्या थरथरीनं बटण दाबलं जाईल याची वाटायची. दोनदा दाबलं गेलंही. उजव्या बाजूचंच.

तिसऱ्यांदा दाबलं गेलं तेव्हा मी चिडून रिमोट गादीवर आपटला.

"ह्यो अन्याय हाय. एकीकडं म्हणायचं हलू नको आणि दुसरीकडं रिमोटच हलवायचा? कसं धरायचं माणसानं?"

"कोण हलवतंय?"

"ह्यो थरथरतोय की कपाटात बसल्यावर. लई भारी केलंय, पण जरा जास्तच हलतंय."

सूनबाई हसली. "मामा, काय तरीच. थरथर मी बंद करून ठेवलीया. बॅटरी लवकर उतरत्या म्हणून. पयल्या दिवसापासनंच बंद हाय."

"मग माशाच्या टायमाला?"

"बंद हाय म्हटलं की सगळ्यातच..."

तिचं हसू गेलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर मोकळा पडला होता. मीही बघितलं. अंगठा आणि शेजारचं बोट, तंबाखू मळल्यासारखी आपापली चालली होती. करंगळी मधूनच उडत होती. मी डाव्या हातानं उजवा धरला. धरलेला हातही हलत होता.

"मामा," ती हळू म्हणाली, "कवापासनं हाय ह्ये?"

"थंडी वाजालीया," मी म्हणालो. ऑक्टोबरचं ऊन खोलीत पडलं होतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भूत टीव्हीतून बाहेर आलं असतं तर त्याला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. हे माझ्याच मनगटाला लागलेलं होतं. झाडलं तरी पडत नव्हतं. जेवताना मी घास पटकन तोंडात घालायचो, कारण हात कामात असला की गप्प राहतो. गाडीच्या गेममध्ये म्हणूनच रिमोट गार होता. थांबला की सुरू. लपलं की सुरू.

पण खरी धास्ती वेगळीच होती. रिमोट हलत नव्हता आणि तो हलतोय असं मी शपथेवर सांगितलं असतं. मग जूनमधल्या त्या सोमवारी रुमालाखाली काय झालं होतं? तीन बोटं धरून मी थांबलो होतो. थांबलो होतो! माझी करंगळी उडाली असेल. त्याच्या चौथ्या बोटाला लागली असेल, एकदा नाही, दोनदा. त्यानं ते खरं मानलं असेल. इतके महिने तो लबाड होता म्हणून माझा हात शाबूत होता. आता तो लबाड नाही असं धरलं, तर माझ्याकडे काहीच राहत नव्हतं. मी देवाला सांगत होतो, त्यानं मला फसवलेलंच असू दे.

डॉक्टरकडे सूनबाईनं नेलं. डॉक्टर तरुण. त्यांनी मला चालायला लावलं, अंगठ्यावर बोट टेकवायला लावलं. मग आपली दोन बोटं माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "दाबा."

मी गडबडलो. दोन बोटं म्हणजे आमच्यात भाव असतो. वर रुमाल नव्हता. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं उघडं होतं, सूनबाई बघत होती. मी धरली.

"जोरात. हं. आता सोडून मांडीवर ठेवा."

मांडीवर ठेवल्याबरोबर हात त्याचं काम करू लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतं, पण हात पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही.

"डॉक्टर, काय तरी कमी करा की."

"काय कमी करू?"

"ह्ये जे बोललासा त्यातलं."

ते हसले नाहीत. "त्यातलं माझ्या हातात नाही," म्हणाले.

पुढच्या सोमवारी मी बाजारात गेलो. तो त्याच्या नेहमीच्या लिंबाखाली होता, खांद्यावर रुमाल. मला बघून त्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं. मी जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"टाक रुमाल."

"म्हस कुठाय?"

"टाक म्हटलं न्हवं."

भोवतीची माणसं जवळ सरकली. आता पुन्हा कॉलर धरणार असं त्यांना वाटलं असणार. त्यानं रुमाल टाकला. भुताच्या घरातल्या कपाटात शिरताना वाटायचं, तसं वाटलं. मी हात आत घातला आणि त्याची चार बोटं धरली, करंगळीसकट. धरली आणि थांबलो.

त्याच्या तोंडावर अजून राग होता. मग माझा हात सुरू झाला. रुमाल वरून हलताना मला दिसत होता. त्याचा राग आधी जागच्या जागी थांबला, मग उतरला. त्यानं दुसरा हातही रुमालाखाली घातला आणि माझा हात दोन्हीत घट्ट दाबून धरला, बाहेरून काही दिसू नये असा.

"काय ठरलं काय?" कुणीतरी मागून विचारलं.

"ठरतंय. गप ऱ्हावा," तो ओरडला. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू विचारलं, "कवापासनं रं?"

सूनबाईला मी थंडी सांगितली होती. त्याला ती सांगता येईना. जूनपासून म्हणावं, तर त्याच्या आधीचे सौदे डोळ्यापुढं यायला लागले होते. उन्हाळ्यातले, गेल्या दिवाळीतले, मी पक्के म्हणून विसरून गेलेले. किती वेळा मी तीन धरली होती आणि समोरच्याला चार लागली होती?

"ठावं न्हाय," मी म्हणालो. त्यानं हात सोडला नाही.