विलायती तबकडी

निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत नांदेडच्या बाजारात फोनो, म्हणजे तबकड्या वाजवणारी यंत्रे, दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. गावात तंबूतला सिनेमा आला की तो आत जात नसे. कनातीबाहेर उभा राहून ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी मला, शाळामास्तराला, मत देत असे.

"गुरुजी, नटी रडून राहिली अन् मागं वाजवणारा पेटीवाला घाई करून राहिला. सगळी मजा गेली."

एखादा सिनेमा त्याला पूर्ण पसंत पडल्याचे मला स्मरत नाही.

सिकंदराबादेहून आलेला एक साहेब आपला फोनो दुरुस्तीला टाकून बदलीवर निघून गेला. सोबत एक विलायती तबकडी होती. तीत शब्द नव्हते. तुतारी आणि ढोल एकमेकांना अडवीत. मला तो गोंगाट वाटला.

"भांडण हाय," मिस्त्री म्हणाला, "पण कोणी हरत न्हाई."

दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र तो त्याच तबकडीवर पारखू लागला. तशी दुसरी त्याने हैदराबादेपर्यंत शोधली, मिळाली नाही.

वर्षाने साहेबाचा नोकर आला. त्याने फोनो तेवढा मागितला. मिस्त्रीने तबकडी धोतराच्या सोग्याने पुसली, कागदात गुंडाळली आणि पुढे केली.

"रैने दो मिस्त्री, साब कू याद भी नै."

"त्यांना न्हाई. मला हाय." नोकर फोनो आणि तबकडी दोन्ही घेऊन गेला.

त्याच आठवड्यात तंबूत नवा सिनेमा लागला. मी त्याला मत विचारले.

"गेलो न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "कान अजून मोकळा झाला न्हाई."