पोस्टाच्या एफीचं पांढरं हेदर

आमच्या हॅरिस बेटावर ऑगस्टात डोंगरच्या डोंगर हेदरनं जांभळे होतात. तेच झुडूप अंगणात लावणाऱ्या बाईला लोक हसायचे. पोस्टाच्या एफीला त्याचं काही नव्हतं. तीस वर्षं घरोघर पत्रं वाटल्यावर कोण कशाला हसतो हे तिला पाठ होतं.

तिच्या दारात लाल, गुलाबी, सोनेरी पानांचं आणि भिंतीशी पांढरं हेदर. "खत नको, पाणी नको, लाड नको. फुलं वाळली की वरवर कातरायचं, जुन्या लाकडाला हात लावायचा नाही," ती सांगे. "नवरा असा असता तर दुसराही केला असता."

पांढरं हेदर शुभ. तिच्या घरातल्या प्रत्येक लग्नात नवरदेवाच्या कोटाला ह्याच झुडपाची डहाळी लागलेली. यंदा ऑगस्टात नात मार्सलीचं लग्न होतं.

वसंतात एफीचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती दोन महिने लेकीकडे राहिली. शेजारच्या रोरीनं शेजारधर्म म्हणून किनाऱ्यावरची शिंपल्यांची वाळू आणून तिच्या बागेत पसरली. बटाट्याच्या जमिनीला आम्ही सगळे तेच करतो. पण त्या वाळूत नुसता चुना, आणि हेदरला हवी आंबट माती. एफी परतली तेव्हा झुडपांना कावीळ झाली होती.

"रोरी, हे काय केलंस?"

"बिचारी उपाशी दिसत होती गं."

"तीस वर्षं उपाशीच आहेत, म्हणून तर सुखात होती."

"डहाळी दुकानातनं आणू का?"

"मग नवरदेवही तिथूनच आणू. ऊठ, तुझं घमेलं आण. आधी वाळू खरवड, मग डोंगरावरची काळी माती घाल."

खुर्चीत बसून, काठीनं दाखवत तिनं त्याच्याकडून चार दिवस काम करून घेतलं. मार्सलीला फोनवर सांगितलं, "डहाळी मिळेल. तू नवरदेव वेळेवर आण."

ऑगस्टात लाल हेदर गेलंच, सोनेरी अर्धं. पांढरंही बरंचसं वाळलं. फक्त भिंतीकडची बाजू फुलांनी भरली. एफीनं वाकून तिथली खालची माती चिमटीत घेतली; शिंपल्याचा कणही नव्हता.

"इथे वाळू पडलीच नव्हती."

रोरीनं कान खाजवला. "तिथवर येईतो पाठ भरून आली. म्हटलं, कोपऱ्याकडे कोण बघतंय."

डहाळी नवरदेवाच्या कोटाला लागली. दुसरी एफीनं स्वतः रोरीच्या कोटाला टाचली. "आळसाचं बक्षीस," ती म्हणाली.

जेवणाच्या वेळी रोरी सगळ्यांना सांगत होता, तो कोपरा त्यानं मुद्दाम राखला होता. एफीनं ते खोडलं नाही. त्याचं घमेलं मात्र अजून परत दिलेलं नाही.