मला हसू आलं नाही

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक काकू राहतात. जिन्यासमोरच त्यांचं दार, आणि ते दिवसभर उघडं. मी कॉलेजला निघाले की आतून आवाज येतो, "काय गं, आज डबा मोठा दिसतोय!" परत आले की, "अजून कमी नाही झालीस?" त्या वाईट नाहीत. आई आजारी होती तेव्हा आमच्याकडे रोज वरण-भात त्यांनीच पाठवला होता. बहुधा म्हणूनच मी दर वेळी हसायचे.

खरं तर मी सगळ्यांपुढेच हसायचे. मावशी म्हणाली, "हिच्यासाठी रुंद दाराचं घर बघायला लागेल," तेव्हा हसले. शेअर रिक्षात बसताना रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाजूला एकच बसवतो," तेव्हाही हसले. आपण आधी हसलो की समोरचा लवकर थांबतो, असं मला वाटायचं. तो थांबत नाही.

माझे वडील न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बाहेरचं सगळं बोलणं माझ्याकडे आलंय. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात आई मला पुढे करते. तिथे मी अडखळत का होईना, बोलते. माझ्या अंगाबद्दल कोणी काही म्हणालं की मात्र एकही शब्द सापडायचा नाही.

गेल्या वर्षी एक मैत्रीण मला आमच्या खांदेश्वरच्या महिला गोविंदा पथकात ओढत घेऊन गेली. पथक चालवणारी ताई मूळची बोनकोडे गावची, लग्न होऊन इकडे आलेली. तिने मला एकदा पाहिलं आणि थेट खालच्या थरात, आतल्या गोलात उभं केलं.

"चला, फाउंडेशन मिळालं!" कोणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या. मीही.

ताई हसली नाही. "खाली उभी हायेस ना? मंग वर बघायचं नाय. मान आत, हात घट्ट. वर काय चाललंय ते खांद्याला कळतं."

आणि खरंच कळायचं. खांद्यावर पाय पडला की तो कोणाचा, ती घाबरलीय का, तिचा तोल कुठे जातोय, सगळं कळायचं. माझ्यावर चढणारी मुलगी एकदा म्हणाली, "तुझ्यावर उभं राहिलं ना, जमिनीवर असल्यासारखं वाटतं." मला फार बरं वाटलं. नंतर मात्र वाटलं, म्हणजे मी उपयोगाची आहे म्हणून यांना चालते का? उद्या पथक सोडलं तर परत नाही चालणार? मला हे तेव्हा कोणाला नीट सांगता आलं नाही.

मग टी-शर्ट आले. गुलाबी, सगळे एकाच मापाचे. ज्यांनी दिले त्यांनी बायका म्हणजे एवढ्याच अंगाच्या, असं धरलं असणार. माझ्या अंगावर तो छातीच्या खाली उतरेना. एक वहिनी म्हणाली, "टेन्शन नको घेऊ. पंधरा दिवस भात सोड, आपोआप बसेल." मी हसले. घरी येऊन आरशात पाहिलं तर ते हसू अजून तोंडावर तसंच होतं. मला ते आवडलं नाही. त्या दिवशी मी पोटभर भात खाल्ला आणि ठरवलं, यापुढे मला हसू आलं तरच मी हसणार. साधी गोष्ट होती. जमेल की नाही याची खात्री नव्हती.

दहीहंडीच्या दिवशी मी पुरुषांच्या पथकातला नारंगी टी-शर्ट घातला. गुलाबी घोळक्यात मी एकटी नारंगी. मैदान भरलेलं. समोरच्या रांगेत काकूही खुर्ची टाकून बसलेल्या. आम्ही गोल केला, माना आत घातल्या. दुसरा थर चढला, तिसरा चढला. आणि स्टेजवरून माईकवाल्याचा आवाज आला, "अरे बापरे! त्या नारंगी ताईंना बघा! पिलर आहे, पिलर! ताई, नाश्त्याला काय होतं, आम्हालाही कळू द्या!"

अख्खं मैदान हसलं.

मला मान वर करता येत नव्हती. हात सोडता येत नव्हते. माझ्या खांद्यावर एक, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि त्यांच्याही वर एक शाळकरी पोर चढत होती. कान तापले होते. शेजारची कुजबुजली, "सोडून दे गं." मी काहीच सोडलं नाही. वरच्या पोरीने सलामी दिली, टाळ्या वाजल्या, आणि एकेक पाय माझ्या खांद्यावरून सुखरूप खाली उतरला.

मग बक्षीस घ्यायला पथकाला स्टेजवर बोलावलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. "जातेस?"

मी स्टेजवर चढले. माईकवाल्याने हसत करंडक पुढे केला. मी तो घेतला नाही, माईक मागितला. त्याला वाटलं असेल, आभार मानायचेत. दिला.

"आम्ही पाच थर लावले," मी म्हणाले. आवाज चिरकत होता. "तुम्ही माझा नाश्ता विचारलात. थरांबद्दल काहीच बोलला नाहीत."

"अहो ताई, मजाक होता!"

"मला हसू आलं नाही."

पुढचं वाक्य मी ठरवलेलं होतं, ते विसरले. म्हणून तशीच उभी राहिले, न हसता. मैदानातही या वेळी कोणी हसलं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "सॉरी ताई. पाच थर. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या आल्या. मी करंडक घेऊन खाली उतरले. खाली ताईने माझा खांदा दाबला, नेमका जिथे दुखत होता तिथेच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाले तर दार उघडंच होतं.

"काय गं, काल माईकवर भांडलीस की! मी म्हटलं, ही आपलीच का?"

"मीच, काकू."

"बरं केलंस. तो फारच बोलतो." मग त्यांना राहवलं नाही. "पण तरी थोडं कमी कर हं. तुझ्या भल्यासाठी सांगते."

जुनं हसू ओठांपर्यंत आलं होतं. मी ते येऊ दिलं नाही.

"काकू, तुम्ही आईसाठी वरण-भात पाठवलात, ते मी कधी विसरणार नाही. पण माझ्या वजनाबद्दल परत बोलू नका. मला ते आवडत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांना सोपं जावं म्हणून मी हसले नाही. डबा दुसऱ्या हातात घेतला. मोठाच होता. मग निघाले.