गुणाजींचं घुंगरू

८ डिसेंबर २०२४ रोजी गुणाजी परबांनी ४७ रुपये खर्चून सुतळीचा गुंडा आणि एक पितळी घुंगरू विकत घेतलं. पाणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते कांदिवलीच्या मैदानावर मुलींना अडथळ्यांची शर्यत शिकवत, तीही फुकट. शोध लावायची खोड मात्र नोकरीपासूनची.

दोन आठवड्यांवर जिल्ह्याची निवड चाचणी होती. त्या मुलींपैकी श्वेताचं वीस वर्षांखालच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. शंभर मीटर साडेपंधरा सेकंदांच्या आत हवे होते. तिला पंधरा पूर्णांक आठ लागत. ती अडथळ्यावरून पळत जात नसे, उडी मारी. "हवेत वेग वाढत नाही गं, ओसरतो," हे सांगून गुणाजी थकले. शेवटी त्यांनी दोन बांबूंना सुतळी ताणून, तिच्या उंचीच्या चार बोटं वर, अडथळ्यावर घुंगरू टांगलं. वाजलं की उडी उंच गेली.

चार दिवसांत घुंगरू गप्प झालं. गुणाजींनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून ती शांतता ऐकवली. घड्याळातले पंधरा पूर्णांक आठ तेवढे जागचे हलले नव्हते.

डबा घेऊन आलेल्या जानकीबाई पायरीवर चपला काढून बसल्या होत्या.

"माका दिसता ता तुमका कसा दिसना नाय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी उडते तेवढीच. सुतळी आली की मान घालते खाली, बघायला पाहुणे आल्यासारखी."

श्वेता हसली. "काका, घुंगरू वाजवायचं नाही एवढंच सांगितलं होतं ना?"

गुणाजींनी खाली बसून तिच्या बुटांच्या खिळ्यांच्या खुणा मोजल्या. शेवटचं पाऊल अडथळ्यापासून दीड मीटरवर पडत होतं. इतक्या जवळून वर जाण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. दोन मीटरवरून झेपावली तर पुढे गेली असती. खुणेसाठी हाताशी आली जानकीबाईंची चप्पल; ती त्यांनी दोन मीटरवर ठेवली.

"हिच्या अलीकडे पाय टेकायचा."

"अहो, नवी आहे ती."

"तिला काय होतंय?"

पहिल्याच फेरीत खिळे चपलेतून आरपार गेले. पण आठवड्याअखेर पाऊल अलीकडे पडू लागलं. रविवारी चाचणीत श्वेताने पंधरा पूर्णांक चार दोन अशी वेळ दिली. संघात नाव लागलं. गुणाजी आजही सगळ्यांना सांगतात, ही घुंगराची करामत.

चपलेचे २६५ रुपये ते जानकीबाईंना अजून देणं लागतात.